वाचकांचे प्रश्न : आजारपण जाहीर लिहिताना

प्रश्न : मी भांडुपला राहते. स्तनाच्या कर्करोगासाठी माझी शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली. त्या काळाविषयी मी मराठीत ब्लॉग लिहिते. वाचणाऱ्या बायका औषधांचे डोस विचारतात; मोठे दीर म्हणतात की घरातले चव्हाट्यावर आणू नकोस. लिहिणे थांबवावे का? एका ठिकाणी मला फार वाईट वागणूक मिळाली, तेही लिहिता येईल का?

उत्तर : लिहिणे मुळीच थांबवू नका. माहितीपत्रकात ‘हातापायांना मुंग्या येणे’ एवढेच छापलेले असते. पण पॅक्लिटॅक्सेल हे केमोथेरपीचे औषध घेतल्यावर बोटांची टोके इतकी बधिर होऊ शकतात की ब्लाउजचे हूक लागत नाहीत, सुईत दोरा ओवला जात नाही आणि तवा तापला आहे हे हाताला उशिरा कळते, हे ज्या बाईने भोगले तीच सांगू शकते. ते वाचून दुसरी एखादी ‘हे चालायचेच’ म्हणून गप्प न बसता पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या कानावर घालते आणि मात्रा कमी करायची की औषध बदलायचे, याचा विचार त्यांना वेळेवर करता येतो.

डोस मात्र कोणालाही सांगू नका. केमोथेरपीच्या बऱ्याच औषधांची मात्रा रुग्णाची उंची आणि वजन यांवरून हिशेब करून काढतात आणि रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड यांच्या तपासण्या पाहून ती कमीजास्त करतात. तुमचा आकडा दुसरीच्या कामाचा नाही.

आजार तुमचा आहे, तेव्हा त्याविषयी बोलण्याचा हक्कही तुमचाच आहे. तरीही दिरांच्या म्हणण्यात एका बाबतीत तथ्य आहे. तुमची जनुकीय तपासणी झाली असेल आणि तीत स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष सापडला असेल, तर तोच दोष तुमच्या प्रत्येक अपत्यात असण्याची शक्यता ५० टक्के असते, म्हणजे तो अहवाल जाहीर करताना तुम्ही मुलांविषयीही काहीतरी जाहीर करत असता. लग्नाच्या वयाची मुलगी घरात असेल, तर तिच्याशी बोलून, तिची तयारी असेल तरच ते लिहावे.

वाईट वागणुकीबद्दल लिहिण्याआधी आपली कागदपत्रे हाती घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार, रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत ती द्यावी लागतात. मग काय घडले, केव्हा घडले, कोण काय बोलले तेवढेच लिहा. ‘पैशासाठी केले’ असा हेतू चिकटवू नका. आपल्या फौजदारी कायद्यात बदनामीच्या आरोपातून सुटायला गोष्ट नुसती खरी असून भागत नाही, ती सांगणे लोकहिताचे आहे हेही दाखवावे लागते.

प्रश्न : मी पालिकेच्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. वॉर्डातले अनुभव रुग्णाचे नाव न घालता लिहिले तर चालेल ना?

उत्तर : नुसते नाव गाळून भागत नाही. ‘लालबागच्या चाळीतला, बेकरीत काम करणारा, विसर्जनाच्या रात्री दाखल झालेला तरुण’ एवढे लिहिलेत की त्या चाळीतल्या प्रत्येकाला तो कोण ते कळते. छायाचित्र तर त्याहून घातक, कारण एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव असते आणि खाटेवरचा केस पेपरही नकळत चौकटीत येतो. ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाची हकिकत त्याच्या परवानगीशिवाय छापू नये, हा २००२ चा नियम डॉक्टरांसाठी असला, तरी रुग्णाचे गुपित राखण्याचे बंधन परिचारिकेवर कमी नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, वैद्यक परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने समाजमाध्यमांविषयीच्या सूचनांसह नवी नियमावली काढली आणि त्याच महिन्यात स्थगित केली, त्यामुळे २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा कायदा आणखी कडक आहे. विश्वासाने कळलेली ती गोष्ट उघड करायला रुग्णाची लेखी संमती लागते. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मनोरुग्णाची माहिती वा छायाचित्र संमतीवाचून प्रसारमाध्यमांना देण्यास मनाई केली आहे.

संमती कधी मागावी, हा प्रश्न मला नियमांइतकाच महत्त्वाचा वाटतो. सलाइन लावायला, ड्रेसिंग बदलायला तुम्हीच येणार हे ठाऊक असलेला माणूस तुम्हाला ‘नाही’ कसा म्हणेल? म्हणून तो बरा होऊन घरी गेल्यावर विचारा, लिहिलेला मजकूर त्याला किंवा त्याच्या माणसांना वाचून दाखवा, आणि पुढे कधी ‘काढून टाका’ म्हणाले तर कुरकुर न करता काढा. पालिकेच्या नोकरीत असल्यामुळे वरिष्ठांना आधी लेखी विचारून ठेवणेही तुमच्याच हिताचे आहे.

सुरुवात स्वतःच्या कामापासून करा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर कसे वळवायचे, घरी नेल्यावर नाकातल्या नळीतून भरवताना त्याचे डोके किती वर ठेवायचे, रात्रपाळीच्या सिस्टरला नातेवाइकांनी कोणती लक्षणे ताबडतोब सांगावीत, हे सारे कोणाचेही गुपित न फोडता लिहिता येते, आणि मुंबईतल्या असंख्य घरांना आज त्याची गरज आहे.