संदेशाचं नंतर बघू, आधी माणसं

प्रिय मित्रा,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र वाचलं. रविवारचा संदेश, म्हणजे प्रवचन, कसा तयार करायचा, किती वेळ बोलायचं, तरुणांना इंटरेस्ट कसा येईल हे सगळं विचारलंयस, पण मंडळीने, म्हणजे चर्चने, पाळक म्हणून जी माणसं तुझ्याकडे सोपवलीयेत त्यांच्यातल्या एकाचीही हालहवाल त्यात नाही. म्हणून संदेशाबद्दल आज काहीच लिहीत नाही, ते शिकवणारे पुष्कळ आहेत.

बायबलमधला यहेज्केल 34 काढून नीट वाच. देव तिथे इस्राएलच्या मेंढपाळांना, म्हणजे पुढाऱ्यांना, कशावरून झापतो? दुबळ्यांना बळ दिलं नाही, आजाऱ्यांना बरं केलं नाही, जखमींना पट्टी बांधली नाही, हरवलेल्यांना शोधलं नाही, उलट दांडगाई केली आणि स्वतःचंच पोट भरलं. आता सांग, यातलं कुठलं काम माईक हातात धरून होतं?

रविवारी आपल्याला आलेली माणसं दिसतात, न आलेली दिसत नाहीत, इथेच सगळी गोची आहे. कोणी लागोपाठ दोन-तीन उपासनांना दिसलं नाही की फोन कर, जमलं तर घरी जा, पण "का नाही आलात?" हे पहिलं वाक्य नको, ते हजेरी घेतल्यासारखं वाटतं आणि समोरचा लगेच कारणं द्यायला लागतो. नुसतं "कसं चाललंय?" विचार आणि मग गप्प बस. कोणाची ड्युटी बदललेली असते, कोणाचं मंडळीतल्याच कोणाशी वाजलेलं असतं, कोणी एखाद्या पापाच्या लाजेने तोंड लपवतोय, कोणाच्या मनात देवाबद्दलच शंका आहे आणि ती बोलून दाखवायची भीती वाटतेय. बाहेरून सगळे सारखेच, "गैरहजर".

प्रेषित पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला पहिल्या पत्राच्या 5व्या अध्यायात सांगतो की बेशिस्त वागणाऱ्यांना ताकीद द्या, खचलेल्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या आणि धीर मात्र सगळ्यांशीच धरा. आपण काय करतो, सगळ्यांना एकच गोळी. खचलेल्याला ताकीद देतो आणि जो खरंच लोकांना त्रास देतोय त्याला "प्रार्थना करतो हं भाऊ" म्हणून सोडून देतो, कारण त्याच्याशी बोलायचं म्हणजे वाईटपणा घ्यावा लागतो. घ्यायचा. एकट्याला गाठून, प्रेमाने, पण स्पष्ट.

आणि खचलेल्या माणसाला विश्वास कमी पडला असं चुकूनही म्हणू नकोस. 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवाचा दूत त्याला भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, परत उठवून खायला देतो, "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न नंतर होरेब डोंगराला पोचल्यावर येतो. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्रसुद्धा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोपर्यंत बरे होते, बिघडलं ते तोंड उघडल्यावर. शोक असलेल्या घरी गेलास की हे आठव, रोमकरांस 8:28, "सगळं मिळून कल्याणासाठीच होतं" हे वचन, खिशातच राहू दे त्या दिवशी.

काही गोष्टी मात्र नुसत्या प्रार्थनेवर भागवायच्या नाहीत. कोणी जीव द्यायची भाषा केली तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना आणि डॉक्टरांना लगेच सामील करायचं. नवरा मारतो असं एखादी ताई सांगत असेल तर आधी तिची सुरक्षितता, "अधीन राहा" हे वचन देऊन तिला परत पाठवणं म्हणजे पाप आहे, मी सरळ लिहितो. लहान मुलांवर अत्याचाराचा विषय असेल तर तो मंडळीत "आपसात" मिटवायचा नसतो, कायद्याने जिथे कळवायचं तिथे कळवायचं, मंडळीची बदनामी वगैरे बाजूला ठेवून. बाकी ऐकलेलं सगळं पोटात ठेव. आपल्यात प्रार्थना विषय म्हणून ग्रुपवर टाकलेल्या निम्म्या गोष्टी चहाडीच असतात, आणि एकदा का कोणाचं गुपित असं फुटलं की पुढे तुझ्याकडे कोणी मन मोकळं करणार नाही.

नवीन विश्वासणाऱ्यांचं वेगळं सांगतो. बाप्तिस्म्याच्या दिवशी फोटो, मिठ्या, टाळ्या, आणि महिन्याभरात त्याला विचारणारं कोणी नाही, हे फार बघितलंय. त्याला एक जुनं, शांत माणूस जोडून दे, दोघांनी मिळून मार्कचं शुभवर्तमान वाचू दे, सोळाच अध्याय आहेत, आणि त्याला वेड्यासारखे प्रश्न विचारू देत. लगेच स्टेजवर उभं करून पुढारी बनवू नकोस, 1 तीमथ्य 3:6 त्यासाठीच आहे, नवशिका पुढारी गर्वाने फुगून पडू नये म्हणून. पहिल्या मंडळीतला बर्णबा आठव, शौलाला, म्हणजे पुढच्या पौलालाच, सगळे घाबरत होते तेव्हा त्याला प्रेषितांकडे घेऊन जाणारा तोच, आणि पौलाने मार्कला सोबत घ्यायला नकार दिला तेव्हा मार्कला घेऊन निघणाराही तोच. त्याच मार्कला पौल शेवटी "सेवेसाठी उपयोगी" म्हणून बोलावून घेतो.

हे सगळं एकट्याने होणार नाही. निर्गम 18 मध्ये सासरा इथ्रो मोशेला तेच सांगतो, तू पण थकशील आणि लोकपण थकतील, दहा-दहांवर माणसं नेम. सतराव्या शतकात इंग्लंडात किडरमिन्स्टरला रिचर्ड बॅक्स्टर नावाचा पाळक आठशेवर कुटुंबांना वर्षातून एकदा तरी भेटायचं म्हणून सोमवार-मंगळवार सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच कामात असायचा, पण तोसुद्धा सोबतीला सहकारी घेऊनच. आणि प्रत्येक निर्णय लोक तुला विचारून घ्यायला लागले तर खूश होऊ नकोस, त्यांना परत प्रभूकडे आणि वचनाकडे वळव. तुझ्यासाठीही एक माणूस ठेव ज्याच्यासमोर तू पाळक नसशील.

तर आता रजिस्टर घे, जे दिसेनासे झालेत त्यांची नावं काढ, त्यातल्या एकालाच या आठवड्यात भेटून ये, सोबत मंडळीच्या एखाद्या वडीलधाऱ्या पुढाऱ्याला ने. काय झालं ते मला कळव, त्याचं खाजगी काही असेल तर ते मात्र लिहू नकोस.

तुझा,
दादा