तेल ५० वर्षांत संपणार म्हणतात, मग पुढे काय?

प्रश्न : जगात अजून साधारण ५० वर्षं पुरेल एवढं तेल आहे असं वाचलं. पण पूर्वी ३० म्हणायचे आणि तेव्हाही काही संपलं नाही, मग हे नुसतं घाबरवणं आहे का?

उत्तर : १९८० च्या सुमारास हा आकडा ३० च्या आसपासच होता, बरोबर आहे तुमचं. पण हा आकडा म्हणजे काय तर सध्याच्या भावात काढायला परवडेल असा साठा भागिले वर्षाचं उत्पादन, बस. भाव वाढला, नवीन टेक्निक आलं की साठा कागदावर वाढतो आणि वर्षंही वाढतात. त्यामुळे अमुक साली तेल संपणार असं कोणी सांगितलं तर फार मनावर घेऊ नका. शेवटचा थेंब कोणी काढणारच नाहीये, त्याच्या खूप आधी तो काढणं परवडेनासं होईल.

खरा प्रश्न रोज किती तेल वर येतं हा आहे. जगाला दिवसाला साधारण १० कोटी बॅरल लागतं (एक बॅरल म्हणजे १५९ लिटर) आणि विहीर काही आपल्या गरजेनुसार चालत नाही. मेक्सिकोचं कांतारेल हे समुद्रातलं तेलाचं फील्ड बघा. तिथल्या एका कोळ्याच्या जाळ्यांना समुद्रात तेल चिकटायचं, त्याच्याच आडनावावरून या फील्डचं नाव पडलं. पुढे खालचा दाब उतरायला लागला म्हणून २००० मध्ये नायट्रोजन भरायला सुरुवात केली, उत्पादन जोरात वाढलं, २००४ मध्ये दिवसाला २१ लाख बॅरलपर्यंत गेलं, सगळे खूश, आणि मग असं कोसळलं की २०१० पर्यंत एक तृतीयांशही उरलं नाही. म्हणजे नायट्रोजनने तेल वाढवलं कमी आणि लवकर काढलं जास्त, असं माझं मत.

शेल कंपनीतल्या हबर्ट नावाच्या भूवैज्ञानिकाने १९५६ मध्येच सांगितलं होतं की अमेरिकेचं उत्पादन १९७० च्या आसपास शिखर गाठून उतरणार, आणि १९७० ला तसंच झालं. पण २०१८ मध्ये शेल नावाचा दगड फोडून काढलेल्या तेलाने (नाव सारखं असलं तरी शेल कंपनी वेगळी) तोही रेकॉर्ड मोडला. मग हबर्ट चुकला का? अर्धा. या शेलच्या विहिरीचं उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येतं, त्यामुळे आहे तिथेच टिकायला सुद्धा नवीन विहिरी खणत राहावं लागतं.

प्रश्न : गाड्या इलेक्ट्रिक झाल्या की प्रश्न मिटलाच ना?

उत्तर : पेट्रोलचा बराचसा मिटेल. पण एकाच बॅरलमधून पेट्रोल, डिझेल, विमानाचं इंधन, प्लास्टिकसाठी नाफ्था, रस्त्याचं डांबर असं सगळं एकत्र निघतं, त्यातलं एकच नको म्हणून चालत नाही. मालवाहू जहाजं, लांबचे ट्रक, खाणीतली मशिनं, ट्रॅक्टर यांचं काम डिझेल किंवा जड तेलावर चालतं आणि एक किलो डिझेलमध्ये जेवढी ऊर्जा असते तेवढी एक किलो बॅटरीत भरता येत नाही, फरक कितीतरी पटींचा आहे. त्यात शेलचं तेल पडलं हलकं, त्यातून डिझेल कमी निघतं.

आणि गंधकाचं तर कोणाच्या लक्षातच येत नाही. जगातलं बरंचसं गंधक तेल आणि गॅस शुद्ध करताना निघतं, त्यापासून सल्फ्युरिक ॲसिड बनतं आणि ते फॉस्फेट खतांना लागतं, निकेल-तांबं काढायलाही लागतं. म्हणजे तेल सोडायला ज्या बॅटऱ्या पाहिजेत त्यांच्याही मुळाशी रिफायनरी आहेच!

प्रश्न : मग भाव सतत वाढत जाणार का?

उत्तर : नाही, हेलकावे बसणार. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल विकण्यावर घातलेल्या निर्बंधात जगाच्या पुरवठ्यातला थोडासाच हिस्सा कमी झाला होता तरी बॅरलचा भाव काही महिन्यांत ३ डॉलरवरून १२ च्या जवळ गेला. २००८ च्या जुलैत १४७ झाला, आणि एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका सौद्याचा भाव चक्क शून्याच्या खाली गेला होता, तेल ठेवायला जागा नव्हती म्हणून. भाव पडला की कंपन्या नवीन विहिरींवर पैसा लावत नाहीत, मग काही वर्षांनी टंचाई होते आणि भाव परत भडकतो, आणि हे कारखाने, एअरलाईन, शेतकरी सगळ्यांना जड जातं कारण कर्ज काढून दहा वर्षांचा प्लॅन करायचा तर भाव ४० धरायचा की १४० हेच कळत नाही.