वाचकांचे प्रश्न : कोपा दो ब्राझीलची दोन सामन्यांची अंतिम लढत

प्रश्न : डिसेंबर २०२५ मध्ये कोरिंथियन्स आणि वास्को द गामा या संघांमधील कोपा दो ब्राझील या ब्राझीलच्या फुटबॉल चषकाची अंतिम लढत मी पाहिली. पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि खरा निकाल चार दिवसांनी दुसऱ्या सामन्यात लागला. मग पहिला सामना खेळवून काय साधले? अंतिम फेरी एकाच सामन्यात का उरकत नाहीत?

उत्तर : ही स्पर्धा १९८९ मध्ये सुरू झाली, तीच मुळी ब्राझीलच्या सर्व राज्यांतील क्लबांना एका बाद पद्धतीच्या स्पर्धेत आणण्यासाठी. पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत दक्षिण टोकाकडच्या पोर्तू अलेग्रेचा ग्रेमियो आणि ईशान्य किनाऱ्यावरील रेसिफेचा स्पोर्ट हे संघ समोरासमोर आले. या दोन शहरांमधील अंतर हवाई मार्गानेही सुमारे तीन हजार किलोमीटर आहे. अशा देशात दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना सोयीचे तटस्थ मैदान सापडणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून एक सामना याच्या घरी आणि एक त्याच्या घरी, ही व्यवस्था स्वीकारली गेली. रेसिफेमध्ये ०-० आणि पोर्तू अलेग्रेमध्ये २-१ असे निकाल लागून ग्रेमियो पहिला विजेता ठरला.

आपण पाहिलेल्या लढतीचे तसेच झाले. साओ पावलोतील इटाकेरा येथे कोरिंथियन्सला आपल्या प्रेक्षकांसमोर गोल करता आला नाही, आणि त्यामुळे २१ डिसेंबरला वास्कोच्या शहरातील, म्हणजे रिओतील, माराकाना मैदानावर उतरताना वास्कोचे पारडे जड वाटत होते. तेथे यूरी अल्बेर्तोने कोरिंथियन्सला आघाडी मिळवून दिली, मध्यंतरापूर्वी नूनो मोरेराने बरोबरी साधली आणि उत्तरार्धात मेम्फिस डीपेच्या गोलने कोरिंथियन्सला चौथ्यांदा चषक मिळाला. पहिल्या सामन्यात वास्कोने गोल होऊ दिला नाही म्हणूनच दुसऱ्या सामन्यातील प्रत्येक गोलला इतके वजन आले. पहिला सामना स्वतंत्रपणे पाहिला तर तो नीरस वाटू शकतो हे मला मान्य आहे, परंतु एकशे ऐंशी मिनिटांची एकच लढत म्हणून पाहिल्यास त्यातील सावधपणाचा अर्थ लागतो.

प्रश्न : दोन सामन्यांनंतर गोलसंख्या समान राहिली तर विजेता कसा ठरवतात? प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेला गोल अधिक मोलाचा मानतात, असे ऐकले आहे.

उत्तर : पूर्वी तसे होते, आता नाही. दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज समान झाली तर ज्या संघाने परक्या मैदानावर अधिक गोल केले असतील तो विजयी, असा नियम होता आणि त्याने अनेक अंतिम लढतींचे भवितव्य ठरवले. याचे सर्वांत ठळक उदाहरण २००८ चे आहे. साओ पावलोत कोरिंथियन्सने स्पोर्टला ३-१ असे हरवले. दोन गोलांची ही आघाडी पुरेशी वाटावी अशीच होती, पण स्पोर्टने पराभवातही परक्या मैदानावर एक गोल नोंदवला होता. त्या एका गोलामुळे रेसिफेतील परतीच्या सामन्यात त्यांना तीन नव्हे, २-० असा दोनच गोलांचा विजय पुरणार होता. इल्या दो रेतिरो मैदानावर स्पोर्टने २-० असा विजय मिळवला, एकूण गोल ३-३ झाले आणि चषक प्रथमच ब्राझीलच्या ईशान्य भागात गेला. ईशान्येकडील अन्य कोणत्याही क्लबला आजवर ते साधलेले नाही. तीनच वर्षांनी, २०११ मध्ये, वास्कोने आपल्या मैदानावर कुरितिबाला १-० असे नमवले, परतीचा सामना २-३ असा गमावला आणि तरीही ३-३ अशा बेरजेवर विजेतेपद घेतले. शेवटचा सामना हरलेला संघ चषक उंचावतो हे नवख्या प्रेक्षकाला विचित्र वाटते, मात्र नियमाच्या चौकटीत ते पूर्णपणे न्याय्य होते.

अंतिम फेरीपुरता हा नियम २०१५ मध्ये रद्द झाला आणि योगायोग असा की त्याच वर्षी त्याचा परिणाम दिसला. सांतोसने आपल्या घरी १-० असा विजय मिळवला होता. पाल्मेरासने परतीचा सामना २-१ असा जिंकला. जुन्या नियमानुसार परक्या मैदानावरील एका गोलच्या बळावर सांतोस विजेता झाला असता. नव्या नियमामुळे प्रकरण पेनल्टी शूटआउटवर गेले, आणि पाल्मेरासचा गोलरक्षक फर्नांदो प्रास याने निर्णायक पेनल्टी स्वतः मारून चषक आपल्या क्लबकडे आणला. पुढे २०१८ पासून संपूर्ण स्पर्धेतूनच हा नियम गेला. त्यामुळे अलीकडे बेरीज समान झाली की जादा वेळ न खेळवता थेट पेनल्टी घेतल्या जातात. फ्लामेंगोने २०२२ मध्ये कोरिंथियन्सवर असाच विजय मिळवला होता.

नियम गेला हे चांगले झाले, असे माझे मत आहे. त्याच्या भीतीने यजमान संघ पहिल्या सामन्यात गोल करण्यापेक्षा गोल होऊ न देण्याकडेच अधिक लक्ष देत असत.

प्रश्न : परतीचा सामना आपल्या मैदानावर मिळणे हा मोठा लाभ नाही काय? तो कोणाला मिळावा हे कोण ठरवते?

उत्तर : ब्राझिलियन फुटबॉल महासंघ सोडत काढून ते ठरवतो. लाभाविषयीची समजूत सार्वत्रिक असली तरी अलीकडील निकाल तिला दुजोरा देत नाहीत. २०१८ ते २०२५ या आठ अंतिम लढतींमध्ये परतीच्या सामन्याचा यजमान केवळ तीनदा विजेता ठरला : २०२० च्या स्पर्धेत पाल्मेरास, २०२२ मध्ये फ्लामेंगो आणि २०२३ मध्ये साओ पावलो. उरलेल्या पाच वेळा पाहुण्यांनी यजमानांच्याच मैदानावर चषक स्वीकारला. २०२१ मध्ये अत्लेतिको मिनेरोने पहिला सामना ४-० असा जिंकून लढत तेथेच जवळजवळ संपवली होती. यावरून मी एवढेच म्हणेन की पहिल्या सामन्याचा यजमान जर धीटपणे खेळला तर दुसऱ्या सामन्यात सगळे दडपण प्रतिस्पर्ध्यावर जाते.

प्रश्न : लहान क्लबांनी ही स्पर्धा जिंकल्याची उदाहरणे वाचनात येतात. ते कसे शक्य झाले?

उत्तर : याला एक कारण वेळापत्रकाचे आहे. २००१ ते २०१२ या काळात दक्षिण अमेरिकेतील कोपा लिबेर्तादोरेस स्पर्धेत खेळणारे क्लब त्याच वर्षी कोपा दो ब्राझीलमध्ये उतरत नसत, कारण दोन्हींच्या तारखा एकमेकींवर येत. देशातील काही बलाढ्य संघ अशा रीतीने दूर राहिल्याने इतरांना वाट मोकळी होत असे. परंतु केवळ या कारणाने त्या काळातील लहान क्लबांच्या विजयांचे मोल कमी लेखणे मला मान्य नाही, कारण अंतिम फेरीत त्यांच्यासमोर रिओचे मोठे क्लबच उभे होते.

सांतो आंद्रे हा साओ पावलोलगतच्या औद्योगिक शहराचा क्लब २००४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. फ्लामेंगोविरुद्धचा पहिला सामना, जो त्यांना घरचा म्हणून साओ पावलोतील पाल्मेरासच्या मैदानावर खेळावा लागला, तो २-२ असा बरोबरीत सुटला. त्या काळच्या नियमानुसार माराकानावर गोलशून्य बरोबरीसुद्धा फ्लामेंगोला पुरेशी होती. मैदान फ्लामेंगोच्या समर्थकांनी भरलेले असताना सान्द्रो गाउशो आणि एल्विस यांच्या गोलांनी सांतो आंद्रेने २-० असा विजय मिळवला. त्यापुढच्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीतील पाउलिस्टा या जुंदियाई शहराच्या क्लबने फ्लुमिनेन्सेला घरी २-० असे हरवले आणि रिओमधील परतीचा सामना ०-० असा सोडवला. जुव्हेंतुदेने १९९९ मध्ये बोताफोगोविरुद्ध हाच मार्ग धरला होता : घरी, काशियास दो सुल येथे २-१ आणि मग माराकानावर सुमारे एक लाख प्रेक्षकांसमोर ०-०. त्याआधी १९९१ मध्ये क्रिसिउमाने ग्रेमियोच्या मैदानावर १-१ आणि आपल्या मैदानावर ०-० अशी बरोबरी करून परक्या मैदानावरील गोलच्या आधारे विजेतेपद घेतले. त्या संघाचे प्रशिक्षक होते लुईझ फेलिपे स्कोलारी, ज्यांनी पुढे २००२ मध्ये ब्राझीलला विश्वचषक जिंकून दिला. ही स्पर्धा चार वेळा जिंकणारे ते पहिले प्रशिक्षक, आणि २०२५ मधील विजयाने दोरिव्हाल ज्युनियर यांनी त्यांची बरोबरी केली.

प्रश्न : २०२६ पासून अंतिम फेरी एकाच सामन्याची होणार, असे समजते. हा बदल आपणास योग्य वाटतो काय?

उत्तर : होय, महासंघाने तसे जाहीर केले आहे. सहभागी क्लबांची संख्या ९२ वरून १२६ करण्यात आली असून अंतिम फेरी एकाच सामन्यात होणार आहे. म्हणजे आपण सर्वांनी पाहिलेली कोरिंथियन्स आणि वास्को यांची लढत जुन्या पद्धतीची अखेरची ठरली. ब्राझीलच्या क्लबांचे वर्षभराचे वेळापत्रक अतिशय दाट असते आणि त्यातून एक तारीख मोकळी होणे खेळाडूंच्या दृष्टीने हिताचे आहे, याबद्दल दुमत नसावे. कोपा लिबेर्तादोरेसची अंतिम फेरीही २०१९ पासून एकाच सामन्याची आहे.

तरीही हा निर्णय मला पटलेला नाही. वर उल्लेखिलेल्या लहान क्लबांकडे पुन्हा पाहावे. जुंदियाईच्या किंवा काशियास दो सुलच्या रहिवाशांना देशाच्या चषकाची अंतिम लढत आपल्या गावच्या मैदानावर पाहता आली, ती केवळ एक सामना त्यांच्या वाट्याचा होता म्हणून. अंतिम फेरी एकाच मोठ्या मैदानावर नेली की अशा गावातील बहुसंख्य प्रेक्षकांना ती दूरचित्रवाणीवरच पाहावी लागेल. प्रवास आणि तिकिटाचा खर्च झेपणारे थोडेच तेथे पोहोचतील. शिवाय पाउलिस्टा आणि जुव्हेंतुदे यांनी चषक जिंकले ते घरी मिळवलेली थोडीशी आघाडी परक्या मैदानावर जिवाच्या कराराने टिकवून. एका सामन्यात अशा संघांना ती संधी उरत नाही. स्पर्धेचे दार अधिक क्लबांना उघडण्याचा महासंघाचा हेतू स्तुत्य आहे. परंतु त्याच हेतूशी प्रामाणिक राहायचे तर अंतिम फेरीतही दोन्ही क्लबांच्या गावांना त्यांचा सामना मिळायला हवा होता आणि तारीख वाचवायचीच होती तर ती आधीच्या एखाद्या फेरीतून वाचवता आली असती.