चौकशी कुणाला विचारून झाली?

प्रश्न : बाई, मी इतिहासात एम. ए. करते. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी फ्रीडमेन्स ब्युरो हे सरकारी खातं निघालं. १८६६च्या चौकशीत त्याचे अधिकारी भ्रष्ट ठरले, असं वाचलं. खरं का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : काही अधिकारी दोषी होते, खातं नव्हे. उत्तर कॅरोलिनात काही अधिकाऱ्यांनी कापसाच्या मळ्यांत स्वतःचे हिस्से ठेवले होते. ज्या मजुरांचं रक्षण करायचं, त्यांच्याच घामावर नफा! त्यांना मी माफ करणार नाही. पण चौकशी नेमली कुणी, तेही बघा. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांना हे खातंच नको होतं. फेब्रुवारी १८६६मध्ये त्यांनी त्याच्या मुदतवाढीचं विधेयक नाकारलं आणि मग जनरल स्टीडमन व फुलर्टन यांना दक्षिणेत दोष शोधायला धाडलं.

खानापूर तालुक्यात शिकवत असताना एका रेशन दुकानाची चौकशी मी पाहिली आहे. साहेब दुकानदाराच्याच ओट्यावर बसून बायकांना विचारत होते, "तांदूळ मिळतो ना?" दुकानदार शेजारीच उभा. बायका "मिळतो" म्हणाल्या. जबाब कन्नडमध्ये लिहिले गेले, खाली अंगठे मराठी बायकांचे. त्या कागदावर माझा आजही विश्वास नाही.

स्टीडमन यांच्या चौकशीत उत्तर कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनच्या चर्चमध्ये जमलेले कृष्णवर्णीय लोक मात्र दबले नाहीत. सैन्य आणि ब्युरो यांपैकी एकच ठेवायचं तर काय ठेवू, असं स्टीडमननी भरसभेत विचारलं, तेव्हा चहूकडून "ब्युरो!" असा आवाज उठला. ज्यांच्यासाठी खातं होतं, त्यांचं मत हे.

त्याच वर्षीची, टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरातली चौकशीही वाचाच. १ ते ३ मे या दिवसांत तिथे गोऱ्या जमावाने, त्यात पोलीसही होते, ४६ कृष्णवर्णीयांना मारलं. घरं, चर्च, शाळा जाळल्या. त्याच महिन्यात अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाची तीन सदस्यांची समिती तिथे पोचली. दीडशेवर साक्षी झाल्या. अत्याचार झालेल्या स्त्रियांनीही शपथेवर सगळं सांगितलं, तेही त्याच शहरात राहून! त्यांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक होते. शिक्षा मात्र एकालाही झाली नाही. ब्युरोचे प्रमुख जनरल हॉवर्ड यांच्यावरही आरोप झाले, पण १८७४च्या लष्करी चौकशीत ते निर्दोष ठरले.

प्रबंध लिहाल तेव्हा स्टीडमन-फुलर्टन यांची आणि मेम्फिसची, अशा दोन्ही चौकश्यांचे जबाब शेजारी ठेवून वाचा. कुणाची साक्ष घेतली आणि ती देताना समोर कोण बसलं होतं, हे आधी टिपून घ्या. निष्कर्षाकडे नंतर वळा.