विचारा की! : जावयाचे आकडे अन् दिराचा झोडियाक

प्रश्न : नमस्कार काका. आम्ही राजेंद्र नगरातले चार-पाच रिटायर्ड लोक रोज सकाळी पोह्याच्या टपरीवर जमतो. आमच्यातल्या एकाच्या जावयाने गुप्त भाषेत एक मजकूर लिहून दिलाय, पान भरून नुसते दोन-दोन अंकी आकडे. कोणता आकडा सर्वात जास्त येतो ते आम्ही मोजलं, पण सगळे जवळपास सारखेच येऊन राहिलेत. जावई गालातल्या गालात हसतो. काय करावं?
– एक वाचक, राजेंद्र नगर

उत्तर : जावईबापू पक्के आहेत हो! त्यांनी जे केलंय त्याला होमोफोनिक सायफर म्हणतात, सायफर म्हणजे अक्षरांऐवजी आकडे किंवा चिन्हं टाकून लिहिलेला गुप्त मजकूर. साध्या सायफरमध्ये एका अक्षराला एकच चिन्ह असतं, म्हणून मोजणी केली की जास्त येणारं अक्षर लगेच उघडं पडतं. इथे जे अक्षर जास्त लागतं त्यालाच तीन-चार आकडे देऊन टाकायचे, म्हणजे समजा काना आला की कधी ०७, कधी ३१, कधी ५८, कधी ८४, अन् बिचाऱ्या ठ ला किंवा झ ला एकच. झालं, तुमची मोजणी सपाट. ही युक्ती आजची नाही, १४०१ साली इटलीत मांटुआच्या दरबारातल्या एका किल्लीत, म्हणजे कोणत्या अक्षराला कोणतं चिन्ह याच्या यादीत, स्वरांना अशी अनेक चिन्हं दिलेली सापडतात.

पण माणूस आळशी असतो आणि तिथेच तो सापडतो. चार आकडे हातात असले की लिहिणारा बहुतेकदा ते ओळीने वापरतो, ०७ झाला की ३१, मग ५८, मग ८४, अन् परत ०७. तेव्हा एकेक आकडा मोजणं सोडा अन् जोड्या बघा. ०७ आणि ३१ हे दोनच आकडे कागदावर लाल पेनने गोल करा आणि ते आलटून-पालटून येतात का ते पाहा. दोन्ही ६-६ वेळा आले असतील तर त्यांचा क्रम ९२४ प्रकारे लागू शकतो आणि त्यातले काटेकोर आलटून-पालटून फक्त २, म्हणजे ४६२ मध्ये एक. आता यावर लगेच पेढे वाटू नका, कारण कागदावर ६० वेगवेगळे आकडे असले तर जोड्या होतात १७७०, त्यामुळे तीन-चार जोड्या नुसत्या योगायोगानेही जमणारच. म्हणून तिसरा गडी शोधायचा. ०७ ची ३१ शी पटते, ३१ ची ५८ शी पटते आणि ०७ ची ५८ शी पण पटते, असं तिन्हीकडून जुळलं तर ते एकाच घरातले समजा, तिघांना एकच चिन्ह द्या आणि मग पुन्हा मोजा. मेलेली मोजणी जिवंत होते.

दोन गोष्टी मात्र जावयाकडून आधीच काढून घ्या, ही चीटिंग नाही. एक, काना-मात्रा-वेलांटी वेगळी धरलीय का ‘का, कि, की’ या प्रत्येकाला स्वतंत्र आकडा दिलाय? स्वतंत्र असेल तर १०० आकड्यांत आपली बाराखडी मावतच नाही, म्हणजे वेगळीच धरली असणार, पण जोडाक्षरांचं काय केलं ते त्यालाच माहीत. दुसरं म्हणजे भाषा. आपण इंदूरवाले अर्धं वाक्य मराठीत बोलतो अन् अर्धं हिंदीत, जावई भोपाळचा वगैरे असला तर ‘आहे’ शोधत बसाल अन् आत ‘है’ निघेल. मोठमोठ्या ठिकाणी हे झालंय. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गुप्त लिपीतल्या पत्रांचा एक गठ्ठा इटलीसंबंधी कागद म्हणून नोंदलेला होता, आणि २०२३ मध्ये जाहीर झालं की ती फ्रेंचमधली पत्रं आहेत, स्कॉटलंडची राणी मेरी हिने कैदेत असताना १५७८ ते १५८४ च्या दरम्यान लिहिलेली, ५० च्या वर पत्रं! ज्या तिघांनी ती सोडवली त्यांत एक कॉम्प्युटरवाला, एक पियानोवादक प्रोफेसर आणि एक जपानी फिजिक्सवाला. इतिहासाचा प्राध्यापक एकही नाही. तेव्हा पोहे खाता खाता तुम्हीही लागा.

प्रश्न : काका, आमचे धाकटे दीर इंजिनियर आहेत. ते रात्र-रात्र जागून झोडियाकची चिन्हं बघत बसतात आणि आता त्या १३ चिन्हांमधून त्यांनी खुन्याचं नाव काढलंय म्हणे. एफबीआयला ईमेल करायची तयारी चाललीय. सासूबाई म्हणतात कौतुक कर. करू का?
– स्नेहलतागंजच्या एक वहिनी

उत्तर : कौतुक करा, ईमेल मात्र थांबवा. वाचकांसाठी थोडक्यात, १९६८-६९ मध्ये अमेरिकेत उत्तर कॅलिफोर्नियात खून करणारा, स्वतःला ‘झोडियाक’ म्हणवणारा हा माणूस पेपरांना पत्रं आणि सायफर पाठवायचा. त्याचा पहिला, ४०८ चिन्हांचा सायफर जुलै १९६९ च्या शेवटी आला अन् आठवड्याभरातच सुटला, तोही सलिनासच्या डोनाल्ड हार्डन नावाच्या मास्तरांनी आणि त्यांच्या बायको बेटी यांनी घरबसल्या सोडवला. खरी मेख बेटीबाईंनी ओळखली. त्यांचं म्हणणं, असा स्वतःची टिमकी वाजवणारा माणूस सुरुवात ‘आय’ने, म्हणजे ‘मी’ने करणार आणि ‘किल’ हा शब्द लिहिल्याशिवाय राहणार नाही, आणि किलमध्ये दोन एल लागोपाठ येतात. तसंच निघालं. आणि त्यातही शेवटच्या १८ चिन्हांचा अर्थ अजून कुणाला पटेल असा लागलेला नाही.

आता १३ चं. एप्रिल १९७० च्या पत्रात ‘माझं नाव आहे’ असं लिहून त्याने ती १३ चिन्हं टाकली. होमोफोनिकमध्ये दोन वेगळ्या चिन्हांचा अर्थ एकच अक्षर असू शकतो, मग १३ चिन्हांत अडवणारं उरलं काय? थोडं ओढूनताणून जगातली ढीगभर नावं तिथे बसतात, दिरांना म्हणावं तुमचं स्वतःचंच बसवून बघा, बहुतेक बसेल. जिथे कोणतंही उत्तर चालतं तिथे बरोबर उत्तर ओळखणार कसं? खरी परीक्षा ही की दिरांनी किल्ली अन् रीत कागदावर लिहून तुम्हाला द्यायची, स्वतः खोलीबाहेर जायचं, आणि तुम्ही न विचारता तेच उत्तर काढायचं. मध्येच ‘इथे त्याची स्पेलिंग मिस्टेक आहे वहिनी’ असं बाहेरून ओरडावं लागलं की समजा विषय संपला. एवढे हुशार लोक इथेच का फसतात तर आपल्या उत्तराच्या प्रेमात पडतात म्हणून, बाकी अक्कल त्यांना भरपूर असते.

प्रश्न : काका, मी अकरावीत आहे, मला पायथन येतं. कॉम्प्युटरवर हे सायफर पटकन सुटतात का? मग हाताने कशाला करायचं?
– एक वाचक मुलगी, सुदामा नगर

उत्तर : सुटतात गं, पण तुलाच त्याला शिकवावं लागतं. रीत सोपी आहे. एक अंदाधुंद किल्ली घे, मजकूर उलगड, तो किती मराठीसारखा दिसतो याला मार्क दे, मग किल्लीत एकच बदल कर, मार्क वाढले तर ठेव नाही तर फेक. असं लाखो वेळा, आणि अडकलं की नव्याने सुरुवात. मार्क देण्यासाठी मराठीत कोणती तीन-चार चिन्हं लागोपाठ किती येतात याची यादी लागते, ती इंग्रजीची तयार मिळते, मराठीची तू स्वतः कर, युनिकोडमधला भरपूर साधा मजकूर घेऊन. नुसत्या अग्रलेखांवरून करू नकोस, नाहीतर तुझा प्रोग्राम ‘तथापि’ शोधत बसेल.

पण झोडियाकचा ३४० चिन्हांचा सायफर या रीतीने वर्षानुवर्षं सुटला नाही, कारण अक्षरं बदलली होती शिवाय जागाही हलवल्या होत्या. १७ चिन्हांची ओळ, अशा २० ओळी, अन् वाचायचं बुद्धिबळातल्या घोड्यासारखं, एक घर खाली दोन घरं उजवीकडे, तेही पहिल्या ९ ओळी वेगळ्या, पुढच्या ९ वेगळ्या, शेवटच्या २ वेगळ्या. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेचा डेव्हिड ओरान्चॅक, ऑस्ट्रेलियाचा सॅम ब्लेक आणि बेल्जियमचा यार्ल व्हॅन आयके या तिघांनी तो फोडला, ५१ वर्षांनी. ब्लेकने वाचायच्या लाखो वेगवेगळ्या वाटा बनवल्या, व्हॅन आयकेच्या सॉफ्टवेअरने त्या चाळल्या, आणि एका वाटेवर एक-दोन बरे तुकडे दिसले ते ओरान्चॅकच्या नजरेने पकडले. कॉम्प्युटरने त्या तुकड्यांपाशी नेऊन सोडलं, पुढचं हातानेच करावं लागलं. आलं ना उत्तर?

प्रश्न : आजोबांच्या पेटीत होळकरांच्या काळातले कागद सापडलेत, अक्षरं गोल-गोल, एकालाही वाचता येत नाहीत. गुप्त लिपी असेल का?
– एक वाचक, तुकोगंज

उत्तर : नाही हो, मोडी असणार, आणि ती गुप्त मुळीच नाही, कारकून लोक रोज हिशेब लिहायचे तिच्यात. मराठीतली खरी गुप्त लिपी हवी असेल तर महानुभावांची सकळ लिपी बघा, अक्षराला अक्षर बदललेली, जी इतिहासाचार्य राजवाड्यांनी उलगडली. तुमचे कागद मोडी वाचणाऱ्या माणसाला दाखवा, पण आधी उजेडात नीट फोटो काढून घ्या, जुना कागद सारखा उघडला की घडीवरच फाटतो.