लेकीला आमदार व्हायचंय, आणि त्यासाठी एकरभर विकायचंय

नाना, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. अमळनेर तालुक्यात तापीच्या अंगाला तुमचं गाव, चार एकर कोरडवाहू, कपाशी, आणि पाऊस बरा झाला तर दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी. लेक २२ वर्षांची, यंदा राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाली. तुम्ही तिला एमपीएससीच्या क्लासला पुण्याला धाडायला निघालात, तर ती म्हणाली, “माले आमदार व्हनं शे.” २०२९ची विधानसभा लढवायची आणि खर्चाला एक एकर विकायचं, असं तिचं गणित. तुमचं म्हणणं एका ओळीचं: ‘साहेब, तिच्या डोक्यातून हे खूळ काढा.’

आमदारकी काढणार नाही. एकर विकायचं मात्र काढतो. एक गुंठाही विकायचा नाही. अनामत रक्कम १०,००० रुपये, ती काही मोठी नाही. पण उमेदवाराला कायद्याने ४० लाखांपर्यंत खर्च करता येतो, आणि समोरचे त्या हिशेबाने उतरतात. तुमचा एकर पहिल्या आठवड्यात गाड्यांच्या डिझेलला जाईल. शिवाय एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर अनामतही जप्त. दोन लाख मतदान झालं असेल तर ३३,३३३च्या वर मतं हवीत, ती नुसती अब्रू राखायला.

अमळनेरने २००९ला आणि २०१४ला लागोपाठ अपक्ष आमदार दिले, हे ती तुम्हाला ऐकवेलच. खरं आहे. पण अपक्षाला चिन्ह मिळतं ते मतदान दोन-अडीच आठवड्यांवर आल्यावर. तेवढ्यात गावोगावी चिन्ह पोचवायचं, तर माणूस आधीच घराघरात ठाऊक असावा लागतो. बावीस वर्षांच्या पोरीला आज तिची गल्ली ओळखते. दोष तिचा नाही, वयच ते आहे.

आता तुमच्या पत्रामागच्या पानावर येतो. तिथे तिने स्वतःच्या अक्षरात गावाचं दुखणं लिहून पाठवलंय. उन्हाळ्यात टँकर. सकाळची एसटी बंद झाली, म्हणून अकरावी-बारावीच्या पोरी घरी बसल्या. मराठी शाळेत चार वर्गांना दोन मास्तर. पाडळशाचं धरण अर्धवट. आणि निम्मी गल्ली सुरतेला, उधना-लिंबायतच्या खोल्यांमध्ये. ज्या पोरीला हे एवढं नेमकं दिसतं, तिला वेड्यात काढू नका.

बेटा, इथून पुढे तुझ्याशी बोलतो. नाना हे वाचून दाखवतीलच. ही यादी समोर घे आणि प्रत्येक ओळीपुढे लिही, हे काम कोणाच्या टेबलावर आहे. टँकरचा प्रस्ताव ग्रामपंचायतीपासून निघतो, नळयोजना जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे असते. एसटीसाठी आगार व्यवस्थापकाला गाठायचं, ग्रामपंचायतीचा ठराव आणि पासधारक मुलींच्या नावांची यादी घेऊन. मास्तरांचं काम जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात, आणि त्यासाठी भांडायला शाळा व्यवस्थापन समिती आहे, जिच्यात तीन चतुर्थांश पालकच असतात. म्हणजे पहिल्या तीन दुखण्यांना आमदार लागतच नाही. लोक तरी आमदाराच्याच दारात जातात, आणि तोही “बघतो” म्हणतो. ही आपल्याकडची रीतच पडलीय.

धरण मात्र विधानसभेचंच काम. पाडळशाचा हा निम्न तापी प्रकल्प नव्वदच्या दशकापासून रेंगाळलाय. काम लांबलं की खर्च फुगतो, खर्च फुगला की पुन्हा सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, आणि ती मिळाली तरी अर्थसंकल्पात तरतूद किती, यावर सगळं अडतं. तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना), अर्थसंकल्पावरची चर्चा ही हत्यारं तिथेच चालवायची. पण सभागृहात २८८ जण असतात. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून आपल्या खानदेशाचे २०. त्या वीस जणांना एका ओळीत उभं करता येईल असा माणूस व्हायचं, तर अगोदर बरंच काही शिकावं लागेल. सुरतेच्या पोरांचं काम कोणाच्या टेबलावर आहे, ते मलाही नीट सांगता येत नाही.

मग सुरुवात कुठून? ग्रामसभेपासून. मागे एका गावात २६ जानेवारीला व्याख्यानाला गेलो होतो. झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटली, आणि मारुतीच्या पारावर ग्रामसभेला अकरा माणसं बसली. बाई एकही नाही. कोरम १५ टक्के मतदारांचा, नाहीतर १००चा, यातला जो कमी असेल तो. दुपारी ज्या घरी जेवायला होतो तिथे शिपाई रजिस्टर घेऊन आला. म्हातारी चुलीपुढे कळण्याची भाकरी थापत होती. पिठाचा हात लुगड्याला पुसून तिने अंगठा दिला. “कशाना रे भाऊ?” “सभेचा, माय.” झाली हजेरी. संध्याकाळपर्यंत त्या गावचा विकास आराखडा बहुमताने मंजूर.

तुमच्या गावातही बहुधा असंच चालत असेल. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यायची असते, ती तरी होते का, विचार. वित्त आयोगाचे पैसे कशावर खर्च झाले हे ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही बघता येतं. ते छापून पारावर बस. ग्रामपंचायत लढवायला २१ वर्षं लागतात, ती तुझी झालीत. राज्यात पंचायतींच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत, पण कितीतरी खुर्च्यांवर कारभार नवरा नाहीतर सासरा करतो. तू सदस्य झालीस तर नाना तुझ्या बैठकीला येणार नाहीत, हे आजच ठरवून घे. नाना, कबूल ना?

पोटापाण्याचं ठरल्याशिवाय यातलं काही टिकणार नाही. ज्याची चूल राजकारणावर पेटते तो दोन वर्षांत कोणाच्या तरी टक्केवारीत अडकतो, हे मी शिकवलेल्या पोरांचंच झालेलं पाहिलंय. एमपीएससी वाईट नाही, पण सरकारी नोकरीत राहून निवडणूक लढवता येत नाही. गावची कंत्राटं घेणाऱ्यांच्या नादी तर लागूच नको. राज्य सरकारच्या कामाचं कंत्राट अंगावर असेल तर आमदारकीला अपात्रता येते. माझं मत वकिलीकडे आहे. तीन वर्षांच्या एलएल.बी.ची सीईटी दे आणि जळगावला प्रवेश घे. पोरं ज्या रेल्वेलाइनीने सुरतेला जातात त्याच लाइनीने तू उलट्या दिशेला जायचं, आणि रात्री गावात. पुढे तहसीलला फेरफाराच्या, वाटणीच्या, रस्त्याच्या केसेस चालवल्यास की तालुक्यातलं प्रत्येक गाव आपणहून तुझ्या टेबलाशी येईल. प्रतिभाताई पाटील जळगावात वकिलीच करत होत्या. १९६२ला २७व्या वर्षी त्या तिथून आमदार झाल्या. अर्थात त्यांच्यामागे तेव्हाची काँग्रेस होती, ते विसरून चालणार नाही. वकिली नकोच असेल तर राज्यशास्त्रात एम.ए. कर. नागपूरला हिवाळी अधिवेशनात विद्यापीठांच्या मुलांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरतो, त्यात विभागाकडून नाव लाव. सभागृह गॅलरीतून एकदा तरी बघून ये.

लग्नाचं. नाना, तुम्ही ते शेवटच्या ओळीत घाईघाईने लिहिलंय, म्हणजे खरी काळजी तीच. सासर कुठलं मिळतं याचा इथे सरळ संबंध येतो. विधानसभेला राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाची मतदार चालते, पण ग्रामपंचायतीला त्याच गावच्या यादीत नाव लागतं. लग्न होऊन नाव हललं की गावातली सगळी मेहनत गावातच राहते. म्हणून स्थळ बघताना हुंड्याआधी (तो द्यायचाच नाही) हे विचारा, की पोरगी अमळनेर तालुक्यात काम करणार, चालेल का? “लग्नानंतर बघू” म्हणणारं स्थळ सोडून द्या. २०२३च्या १०६व्या घटनादुरुस्तीने विधानसभेतही एक तृतीयांश जागा बायकांना मिळायच्या आहेत, जनगणनेनंतरच्या मतदारसंघ फेररचनेला जोडून. तेव्हा सगळे पक्ष बायका शोधत फिरतील, आणि बहुतेकांना आमदारांच्या घरातल्याच सापडतील. तोवर हिच्या हातात कामाच्या दहा फायली असल्या तर निदान नाव घ्यावं लागेल.

२०२९ला ती पंचवीस ओलांडलेली असेल, कायद्याने उभी राहू शकेल. मी असतो तर थांबलो असतो. २०३४ला ती तिशीत असेल, आणि तेव्हा कोणी तिला नानांची पोर म्हणून ओळखणार नाही.

बेटा, १५ ऑगस्टची ग्रामसभा झाली की मला एक कार्ड टाक. पारावर किती माणसं बसली होती आणि रजिस्टरवर किती सह्या होत्या, एवढे दोनच आकडे लिही.