मोकळ्या डुकरांना जंत का होतात?

प्रश्न: सिंधुदुर्गात आमची थोडी डुकरं आहेत, सेंद्रिय पद्धतीने पाळतो म्हणून औषध-इंजेक्शन काही देत नाही, वाड्यात मोकळी फिरतात. तरी पिल्लं खोकतात, वाढ खुंटलीय, कापल्यावर लिव्हरवर पांढरे डाग दिसले. असं का?

उत्तर: ताई, हे डाग बहुतेक अ‍ॅस्कॅरिस म्हणजे गोलजंतांमुळे, अळ्या लिव्हरमधून फुफ्फुसात जातात म्हणून तो खोकला. एक मादी दिवसाला लाखावर अंडी घालते आणि ती मातीत वर्षानुवर्षं तग धरतात, त्यामुळे तोच वाडा सारखा वापरला की जंत वाढतच जाणार, डेन्मार्कच्या ऑरगॅनिक फार्मवाल्यांनाही हाच त्रास आहे. ताजी अंडी लगेच बाधा करत नाहीत, त्यांना काही आठवडे लागतात, म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचला आणि ढीग चांगला तापू द्या. पिल्लं शक्यतो डुकरं न फिरलेल्या जागी सोडा.

डॉक्टरांकडून विष्ठा तपासून घ्या, जंत निघाले तर औषध द्याच, युरोपच्या सेंद्रिय नियमांतही गरज पडली तर ते चालतं. जनावराला कळा सोसायला लावणं म्हणजे सेंद्रिय नव्हे.

आणि हो, आजूबाजूला कोणी उघड्यावर संडासला बसत असेल तर डुकरं तिकडे अजिबात जाऊ देऊ नका, पट्टकृमी (टेपवर्म, म्हणजे चपटा लांब जंत) तिथूनच येतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट येतात.